घर आखताना आधी ऊन, मग यंत्रे

शाश्वत वास्तुरचनेची सुरुवात सौर पॅनेलच्या खरेदीपासून नव्हे, तर जागेवरच्या उन्हाच्या निरीक्षणापासून करावी. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात ग्रीसमधील ऑलिंथस येथे उभारलेल्या घरांमध्ये मुख्य खोल्या अंगणाच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या आढळतात. त्यामुळे हिवाळ्यातले तिरपे ऊन थेट आत पोहोचत असे.

म्हणून आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी २१ जून आणि २१ डिसेंबर या दिवशी भर माध्यान्ही सूर्य किती उंचीवर असतो, ते काढावे. ३० अंश उत्तर अक्षांशावर ही उंची अनुक्रमे सुमारे ८३.५ आणि ३६.५ अंश भरते. तेथे दक्षिणेकडील १.२ मीटर उंच खिडकीच्या वरच्या कडेला लागूनच ४५ सेंटीमीटरचा छज्जा काढला, तर जूनमध्ये माध्यान्ही संपूर्ण खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरात वरचे ३३ सेंटीमीटर वगळता बाकीच्या भागातून ऊन खोलीत येते. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना मात्र छज्जा पुरत नाही, तेथे उभ्या पट्ट्या किंवा झाडे हवीत. दक्षिण गोलार्धात अर्थातच उत्तरेकडील खिडक्यांचा विचार करावा.

त्यानंतर हवेकडे वळावे. झिम्बाब्वेतील हरारे येथील १९९६ च्या ईस्टगेट सेंटर या इमारतीत वास्तुविशारद मिक पियर्स यांनी रात्रीची थंड हवा काँक्रीटमधून खेळवून दिवसाचा उष्मा कमी केला. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तेथेच हा उपाय साधतो. दमट हवेत जाड भिंतींपेक्षा समोरासमोरच्या खिडक्या अधिक उपयोगी पडतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर उष्णतारोधनाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले, आणि पुढे पॅसिव्ह हाउस या अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या घरांच्या निकषाने खोल्या तापवण्यासाठी प्रति चौरस मीटर वर्षाला १५ किलोवॅट-तास ही मर्यादा घालून दिली. घराच्या वापरातली ऊर्जा अशी घटल्यावर बांधकाम साहित्य तयार करण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेचाच वाटा मोठा ठरतो, आणि माझ्या मते यापुढचे खरे काम तेथेच आहे. म्हणून जुनी इमारत दुरुस्त करून वापरता येईल का, हे सर्वांत आधी तपासावे. नवे बांधकाम अटळ असेल, तर रॅट-ट्रॅप बाँडने विटा उभ्या कडेवर रचून भिंतीत पोकळी ठेवावी. सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात. भार आणि हवामान पाहून शक्य तेथे सिमेंटऐवजी चुन्याचा मसाला वापरावा, कारण त्यातून विटा न फुटता सुट्या होतात आणि पुन्हा वापरता येतात. लाकूड व पोलाद शक्यतो बोल्टने जोडावे, आणि कोणता सांधा कसा उघडतो, याची नोंद नकाशांसोबतच जपून ठेवावी.