कोजागिरीच्या रात्री बासरी आणि पियानो: गावच्या सभामंडपातली सुरांची जुळणी

लाकडी पियानो गावात आणण्याच्या भानगडीत पडू नका. 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो बरा, 61 पट्ट्यांचा कीबोर्डही चालतो. पायाचं पेडल मात्र हवंच. बासरी पांढरी तीनची घ्या, म्हणजे वरची तीन छिद्रं बंद केली की लागणारा सा पियानोवरचा ई असेल. ट्रान्सपोज (काळ्या धरून सगळ्या पट्ट्यांचे सूर वरखाली सरकवण्याची सोय) +4 ठेवला की वादकाला सी पट्टीच सा म्हणून वाजवता येते.

खरी अडचण थंडीची. डिजिटल पियानोचा सूर जागचा हलत नाही, बासरीचा हवेप्रमाणे हलतो. हवा गार झाली की आवाजाचा वेग घटतो आणि बासरी दर अंशाला साधारण 3 सेंट उतरते (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर असतं). सात वाजता 28 अंश आणि दहा वाजता 20 असेल, तर नुसती ठेवलेली बासरी वीस-पंचवीस सेंट खाली आलेली असते. जोरात फुंकून ती वर ओढली की आवाज चिरका होतो. म्हणून आधी दहा मिनिटं वाजवून बासरी तापवा, तिला तानपुऱ्याचं ॲप मिळवा आणि शेवटी ॲपला कीबोर्ड. कीबोर्डचं ट्यूनिंग मुळात 440 हर्ट्झवर असतं; त्याच्या आसपास 1 हर्ट्झ म्हणजे सुमारे 4 सेंट, हा हिशेब लक्षात ठेवा. मध्यंतरानंतर हे सगळं पुन्हा करायचं. हातात नसलेली बासरी शालीत गुंडाळून ठेवा.

सुरुवात भूप रागाने करा, वीस-पंचवीस मिनिटं. इथे पियानोवाल्याने गप्प राहायला शिकलं पाहिजे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा 14 सेंट खाली असतो, धैवत सुमारे 16. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधारच आणि संवादी (त्याखालोखाल महत्त्वाचा) धैवत, त्यामुळे बासरी गंधारावर थांबलेली असताना पियानोने तोच स्वर दाबला की दोन सूर एकमेकांना घासतात आणि रागाचा जीव जातो. डाव्या हाताने फक्त सा आणि प, तेही सुटे सुटे. ग आणि ध पियानोने बासरी विसावल्यावरच घ्यावेत. सा-ग-प एकत्र दाबून कॉर्ड धरण्याचा मोह इथे पूर्ण टाळा. पेडल दर वाक्याला सोडा, नाही तर आधीचे स्वर रेंगाळून गढूळ होतं.

त्यानंतर भुलाबाईची गाणी, म्हणजे कोजागिरीला मुली म्हणतात ती. त्यांना मुलींचा आवाज बहुधा पांढरी तीनच्या सावर बसत नाही. बासरी बदलू नका, तिच्या प ला सा माना: पांढरी सात. बासरीची सगळी छिद्रं उघडली की तीव्र मध्यम लागतो, तोच आता शुद्ध नी होतो. कीबोर्डवर ट्रान्सपोज -1. ओळ आधी बासरीने एकदा वाजवावी, मग मुलींनी टाळ्यांवर म्हणावी. पियानोने दोन मात्रांना एक खालचा स्वर द्यावा, पुरे.

शेवटी भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी इकडे विदर्भात त्यांच्या मोझरीपासून दूरदूरच्या गावांत रुजली आहे, ती असायलाच हवी. भजनी मंडळाची पेटी सहसा 440 ला नसते आणि ती तिथल्या तिथे लावताही येत नाही. पेटी ठेवायची असेल तर कीबोर्ड तिला मिळवा. दोन खंजिऱ्या वाजायला लागल्या की पियानोचे मधले स्वर बुडतात, म्हणून समेवर खालचा सा तेवढा द्या.

साउंडवाल्याला सांगून ठेवा: बासरीचा माइक फुंकीच्या छिद्रापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला, समोर ठेवला तर फूफू ऐकू येते. या बासरीचा सगळ्यात खालचा स्वर सुमारे 247 हर्ट्झचा, त्यामुळे तिच्या चॅनलवर 150 च्या खालचं कापून टाकलं तरी काही जात नाही. पियानोला माइक नको, केबल थेट मिक्सरला. घूं असा आवाज आला तर दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात लावून पाहा.

लाइट जाऊन आली की बऱ्याच कीबोर्डांत ट्रान्सपोज शून्यावर आणि ट्यूनिंग 440 वर परत येतं. दोन्ही आकडे कागदावर ठळक लिहून स्टँडला चिकटवा, आणि मध्यंतरात ट्यूनिंग बदललं की जुना आकडा खोडून नवा लिहा.