उडण्याआधीच बिघडलेले ड्रोन : या चुका टाळा

रविवारी सकाळी माझ्या विक्रोळीच्या घरी कोणी ना कोणी कापडी पिशवीत ड्रोन घेऊन येतो आणि चहा होण्याआधीच ठरलेले वाक्य ऐकवतो, “काका, काल नीट उडत होता, आज काय झाले कळत नाही.” मी ड्रोन उलटा करून मोटारींचे स्क्रू, बॅटरीच्या तारांचे सोल्डर आणि अँटेनाचा जोड एवढेच पाहतो. बहुतेक वेळा दुखणे तिथेच सापडते आणि काल तो नशिबानेच उडत होता, हे सांगण्याचे काम माझ्यावर येते. व्हिडिओत पंधरा मिनिटांत ड्रोन बांधून होतो, कारण मल्टीमीटर हातात घेण्याचा भाग कापून टाकलेला असतो. तो व्हिडिओ पाहून जो बांधायला बसतो, तोही तो भाग कापतो.

आधी मोटारीच्या स्क्रूंबद्दल लिहितो, कारण ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता तिचा रागही येत नाही. पाच इंची पंख्यांच्या ड्रोनची मोटार फ्रेमच्या दांड्यावर खालून चार एम३ स्क्रूंनी बसते. स्क्रूने दांड्याच्या जाडीतून जाऊन मोटारीच्या तळात दोन-तीन मिलिमीटर शिरावे, त्याहून पुढे जाऊ नये, कारण तळाच्या लगेच वर तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि तिच्यावर इनॅमलचा पातळ थर एवढेच संरक्षण असते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचे मैदानावर दोन स्क्रू हरवले. त्याने लॅमिंग्टन रोडवरून आठ मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरचे स्क्रू आणले. लांब असले तर घट्ट बसतील, असा त्याचा हिशेब होता. टेबलावर मोटार फिरली, मैदानावर ड्रोन कमरेएवढ्या उंचीवर शांतपणे तरंगलाही. मग त्याने पूर्ण थ्रॉटल, म्हणजे मोटारींना पूर्ण जोर, दिला, मोटार तापली, कंपनाने उरलेला इनॅमल खरवडला गेला आणि ईएससीतून, म्हणजे मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डातून, धूर निघाला. इथवरही ठीक होते. पण मोटारीकडे न बघता त्याने काही हजार रुपयांचा नवा ईएससी बोर्ड बसवला आणि पहिल्याच उड्डाणात तोही जाळला. माझ्याकडे आल्यावर तो स्क्रू काढला, तेव्हा टोकाला तांब्याची कणी चमकत होती. ती त्याला दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

माझी सवय अशी आहे की मोटार लावण्याआधी नुसता स्क्रू दांड्यातून घालून वर किती निघतो ते व्हर्नियरने मोजायचे. मोटार बसल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक स्क्रूच्या डोक्याला आणि दुसरे मोटारीच्या तारेच्या सोल्डरला लावायचे. आवाज आला तर स्क्रू लांब आहे. वाद घालू नये. स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब धातूच्या आट्यांना पुरतो, मात्र तो प्लॅस्टिकला लागू देऊ नये, कारण त्याने प्लॅस्टिक तडकते. कार्बन फायबर वीज वाहून नेतो, हेही इथेच सांगतो, कारण सोललेली तार फ्रेमला टेकलेली ठेवून “पण फ्रेम तर प्लॅस्टिकसारखीच दिसते” असे मला ऐकवणारे भेटले आहेत.

सोल्डरिंगबाबत माझे मत कठोर आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या २५ वॅटच्या बारीक टोकाच्या आयर्नने बॅटरीची जाड तार बोर्डाला लागत नाही. ती चिकटल्यासारखी दिसते. बोर्डावरचे तांबे उष्णता ओढून घेते, सोल्डर वरच्यावर गोळा होते आणि हवेत भार आला की जोड सुटतो. ६० वॅटचा आयर्न, छिन्नीसारखे रुंद टोक, सोल्डर नीट पसरवणारा फ्लक्स पुरेसा आणि ६३/३७ ची (कथील-शिसे) सोल्डरची तार वापरावी. जोड थंड झाल्यावर मी तार चांगली ओढून पाहतो. जो जोड माझ्या हातात सुटतो, त्याने हवेत सुटण्यापेक्षा ते बरे. त्यानंतर बॅटरी लावण्याआधी एक्सटी६० या बॅटरीच्या कनेक्टरच्या दोन टोकांवर मल्टीमीटर धरावा. कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर बीप येऊन थांबली तर चिंता नाही. सलग वाजत राहिली तर कुठेतरी शॉर्ट आहे. पहिल्या जोडणीला मी आजही गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब मध्ये घालतो. तो चमकून विझला की पुढे जायचे, पेटलेला राहिला की बॅटरी काढायची. हेच काम करणारा स्मोक स्टॉपर विकत मिळतो, पण माझा विश्वास या बल्बावर बसलेला आहे.

पंखे लावून टेबलावर मोटार फिरवू नये. बीटाफ्लाइट या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोटारींच्या पानावर पंखे काढल्याची कबुली दिल्याशिवाय मोटार फिरत नाही आणि ती कबुली पंखे न काढताच देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांपैकी एकाच्या अंगठ्याला टाके पडले.

डोळ्यांवरच्या गॉगलकडे चित्र पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर अँटेना न लावता चालू करू नये. बाहेर न पडलेली शक्ती आत परतते आणि तो जळतो. लहरी उजवीकडे फिरवणारी अँटेना ड्रोनवर आणि डावीकडे फिरवणारी गॉगलवर, अशी बेमेळ जोडी लावून चित्र खराब आल्याची तक्रारही करू नये.

चित्रावरून आठवले. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यात थ्रॉटलबरोबर वाढणाऱ्या आडव्या रेघा दिसत असतील, तर दोष कॅमेऱ्यात नसून ईएससीच्या विजेच्या गडबडीत आहे. १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेला) कपॅसिटर थेट बॅटरीच्या पॅडवर, पाय आखूड ठेवून आणि धन-ऋण बघून लावावा; लांब तारांना लोंबकळवलेल्या कपॅसिटरचा उपयोग नाही. चित्र जेलीसारखे हलत असेल तर लोक आधी एनडी फिल्टर, म्हणजे भिंगावरची उजेड कमी करणारी काच, विकत घेतात. मी आधी पंखे बदलतो, मग मोटारीची घंटा, म्हणजे बाहेरची फिरणारी टोपी, हाताने फिरवून बेअरिंग अडखळते का ते पाहतो, मग कॅमेऱ्याचे स्क्रू पाहतो आणि सगळ्यात शेवटी कॅमेऱ्याच्या धक्के शोषणाऱ्या रबराकडे व फिल्टरकडे वळतो. वाकलेला एक पंखा बदलला की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

आता माझी स्वतःची चूक. ही फेलसेफची आहे आणि ती सांगताना मला अजूनही लाज वाटते. रिमोटचा संपर्क तुटल्यावर ड्रोनने काय करायचे, ते फेलसेफ ठरवते. रिमोटचे आदेश घेणाऱ्या, ड्रोनवरच्या माझ्या जुन्या रिसीव्हरला संपर्क तुटल्यावर शेवटचा आदेश धरून ठेवण्याची सवय होती. मी फेलसेफ सेट केला होता, पण रिसीव्हर पुन्हा जोडल्यावर ती सेटिंग नव्याने करावी लागते, हे विसरलो. कर्जतकडे भात कापल्यानंतरच्या रिकाम्या खाचरांत मी ड्रोन टेकाडापलीकडे नेला. आधी चित्र गेले, मग रिमोट कुरकुरला. अर्ध्या थ्रॉटलवर, नाक किंचित खाली असलेला ड्रोन मात्र निघून गेला. मोटारींचा आवाज दूर जाताना ऐकू येत होता आणि मी काडी दाबून बंद करत होतो, त्याला ते कळत नव्हते. आम्ही तीन तास बांधाबांधांवरून हिंडलो. गॉगलमध्ये रेकॉर्डिंग चालू केले असते तर शेवटच्या चौकटीत ते झाड ओळखता आले असते. तेही केले नव्हते. संध्याकाळी एका गुराख्याने विचारले, “दादा, त्या चिंचेवर ते तुमचंच का?” ड्रोन सापडला. वरच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत मात्र सापडली नाही, कारण धडकेत बॅटरी निसटली आणि कार्डावरची फाइल बंदच झाली नाही.

त्या दिवसापासून घरातून निघण्याआधी मी पंखे काढून ड्रोन चालू करतो, थोडा थ्रॉटल देतो आणि रिमोट बंद करतो. मोटारी थांबल्या नाहीत तर तो ड्रोन घरीच राहतो. ही चाचणी प्रत्येक बदलानंतर करावी लागते, एकदाच करून भागत नाही. नवे रिसीव्हर सहसा संपर्क तुटल्यावर आदेश देणेच थांबवतात आणि बीटाफ्लाइट मोटारी बंद करून ड्रोन खाली पाडतो. हे ऐकून निश्चिंत होणाऱ्यांनीही तपासावेच. जीपीएसवर घरी परतण्याची सोय लावणाऱ्यांनी उपग्रह पुरेसे दिसेपर्यंत थांबावे. हे थांबणे नवशिक्यांना जमत नाही. बॅटरी लावली की त्यांना लगेच वर जायचे असते आणि घरची जागाच नोंदली गेलेली नसते. ड्रोनवर स्वतःची छोटी बॅटरी असलेला बजर लावावा, म्हणजे मुख्य बॅटरी निसटली तरी तो ओरडत राहतो.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा प्रत्येक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो. तो ३.५ वर आला की मी खाली उतरतो; “अजून एक फेरी” नावाची बॅटरी मला माहीत नाही. आठवडाभर उडवायचे नसेल तर ३.८ वर आणून ठेवतो. फुगलेली बॅटरी घेऊन लोकलने प्रवास करू नये आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नये.

मुंबईची खारट, दमट हवा बोर्डाला आतून खाते. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल रोखणाऱ्या लेपाचा, थर द्यावा, पण बॅरोमीटरचे छिद्र, यूएसबीचे तोंड आणि बटणे सोडून. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर धुके धरते. ते पुसण्यात रुमाल घालवण्यापेक्षा पिशवी पंधरा मिनिटे बाहेर बंद ठेवावी.

राहिला गच्चीचा प्रश्न. ड्रोन २५० ग्रॅमच्या आत आहे म्हणून इमारतीच्या गच्चीवरून उडवता येतो, हा समज कुठून पसरला ठाऊक नाही. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत वजन म्हणजे बॅटरी आणि कॅमेऱ्यासकट वजन, आणि हवाई क्षेत्राच्या बंधनांतून लहान ड्रोन सुटत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवे, म्हणजे परवानगी न घेता उडवता येणारे, क्षेत्र असते. त्यात नौदलाची ठिकाणे आणि ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र धरा, शिवाय पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश धरा, म्हणजे शहरात उरते किती ते कळेल. नवी मुंबई विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून पनवेल-उलव्याकडच्या आमच्या जुन्या जागाही गेल्या. म्हणून आम्ही डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा पाहून, जमीनमालकाला विचारून, पहाटेच्या लोकलने कर्जतकडे जातो. ऊन तापून घारी वर घिरट्या घालू लागल्या की ड्रोन पिशवीत जातो. एकदा एका घारीने माझ्या कॅमेऱ्यावर झडप घातली आहे आणि पंख तिचाही तुटला नाही, माझाही नाही, हे दोघांचे नशीब.