खलाशांचा प्रश्न जिनिव्हापर्यंत कसा न्यावा

जिनिव्हातली संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद ठरावीक वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा घेते. त्याला युपीआर (युनिव्हर्सल पिरिऑडिक रिव्ह्यू) म्हणतात. त्यात बाकीचे देश त्या देशाला शिफारशी करतात. भारताचा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. सरकार आपला अहवाल देतंच, पण रत्नागिरी-मालवणची मच्छीमार संस्थाही टिपण पाठवू शकते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची मान्यता लागत नाही.

आधी जुन्या शिफारशी काढा. २०१७ मध्ये भारताला २५० शिफारशी आल्या, त्यांपैकी १५२ स्वीकारल्या. बाकीच्यांची नुसती ‘नोंद घेतली’. स्वीकारलेली शिफारस म्हणजे जगासमोर दिलेला शब्द. आपला मुद्दा तिला जोडा. २०२२ ची यादीही बघा.

मुद्दा एकच घ्या. समजा, ट्रॉलरवरच्या खलाशांची उचल. ‘शोषण होतं’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. उचल किती दिली, हिशेब कधी झाला, कापले किती, हाती किती आले, हजेरीची वही कोणाकडे असते, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत काय मिळतं, हे लिहा. किती खलाशांशी बोललात तेही सांगा. पण त्यांची नावं आणि बोटींचे क्रमांक अजिबात देऊ नका. टिपणं संयुक्त राष्ट्रांच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतात आणि त्या माणसाला पुढच्या हंगामात त्याच बंदरात काम मागायचं असतं.

मागणी एका वाक्यात मांडा: ‘मासेमारीतील कामाविषयीचा आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) करार क्रमांक १८८ भारताने मंजूर करावा.’ आढाव्याच्या बैठकीत शिफारस करणाऱ्या एकेका देशाला बोलायला जेमतेम मिनिटभर मिळतं, लांबलचक मागणी कोणी वाचून दाखवत नाही.

एका संस्थेला २,८१५ शब्दांची मर्यादा, अनेकांनी मिळून दिल्यास ५,६३०. फाइल वर्डमध्ये हवी, पीडीएफ नको. परिच्छेदांना क्रमांक घाला. फोटो, नकाशे जोडू नका. मराठी चालत नाही, इंग्रजीत द्या. पण ‘उचल’, ‘तांडेल’ (बोटीचा प्रमुख) हे शब्द तसेच ठेवून एकदा अर्थ सांगा, भाषांतरात त्यांचा जीव जातो. मुदत आढाव्याच्या कित्येक महिने आधी संपते आणि उशिरा आलेलं टिपण विचारात घेत नाहीत.

नुसतं पाठवून थांबू नका. आढाव्यापूर्वी दोन-तीन महिने दिल्लीतल्या दूतावासांना एक पानाचा सारांश द्या, कारण शिफारस त्यांचेच देश करतात. नेपाळला नक्की द्या, कारण कोकणातल्या बोटींवर नेपाळी खलाशी बरेच आहेत. नंतर स्वीकारलेल्या शिफारशीची प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्जासोबत जोडा आणि आवक क्रमांक घ्या.