पुण्याचं सूर्यघड्याळ नागपुरात का चालत नाही (आणि ते पोरांसोबत कसं बनवायचं)

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नेटवरून सूर्यघड्याळाचा एक मस्त रंगीत नमुना प्रिंट केला, पुठ्ठ्यावर चिकटवला, गच्चीत मांडला आणि लेकीला हाक मारली. कुठलाच तास धड जुळेना. ती म्हणे, "आई, याचा सेल संपलाय का?" मग बारीक अक्षरात बघितलं तर तो नमुना 52 अंश अक्षांशाचा, म्हणजे तिकडे युरोपात कुणाच्या तरी अंगणासाठी, आणि आम्ही पुण्यात साडेअठरावर.

हीच गंमत रोमन लोकांची झाली होती, आणि पोरांना इतिहास सांगायचा तर मी इथूनच सुरू करते. इ.स.पू. 263 मध्ये त्यांनी सिसिलीतल्या कॅटानियातून लढाईत मिळालेलं सूर्यघड्याळ आणून रोमच्या भर चौकात उभं केलं. रेषा कॅटानियाच्या, सावली रोमची! रोमन लेखक प्लिनी लिहितो की तरी 99 वर्षं लोक त्याच्यावरच चालले, मग कुठे रोमसाठी नीट बनवलेलं बसलं. फरक किती तर साडेचार अंशांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर आणि नागपूर एवढाच. पोरांना नकाशात ही दोन गावं दाखवा, लगेच कळतं.

आता कामाला लागू. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल लावूनही नाही, हे आधीच दम देऊन सांगा.

पहिल्या दिवशी नुसती दिशा काढायची. मोबाईलच्या कंपासवर माझा भरवसा नाही, स्लॅबमधल्या सळ्यांमुळे तो गच्चीवर वाट्टेल ते दाखवतो. त्यापेक्षा शुल्बसूत्रांतली जुनी पद्धत घ्या: एक सरळ काठी उभी करायची, आपल्या ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत तिला शंकू म्हणतात आणि ती 12 अंगुळं धरतात, आपण 30 सेंटिमीटरची घेऊ. ती खरंच उभी आहे का ते ओळंब्याने बघा, दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. मग काठीभोवती खडू-दोऱ्याने 40 आणि 50 सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळं काढा. सकाळी सावली लांब असते, आखडत आखडत तिचं टोक वर्तुळाला टेकलं की खूण करायची, दुपारनंतर वाढत जाऊन परत टेकलं की दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. दोन वर्तुळं अशासाठी की एखाद्या वेळी नेमका ढग येतो, किंवा आमच्यासारखं कुणीतरी कपडे वाळत घालायला येतं आणि काठीच पाडतं.

मधल्या वेळात दर तासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवायला लावा आणि पुढचा खडा कुठे पडेल ते आधी विचारा. बहुतेक पोरं सारख्या अंतरावर सांगतात आणि चुकतात.

दुसऱ्या दिवशी घड्याळ. पुठ्ठ्यावरच्या किंवा बागेतल्या, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या घड्याळात आपल्याकडे एक त्रास आहे, विषुववृत्त जवळ असल्यामुळे बाराच्या आसपासच्या रेषा एकमेकींना चिकटतात: पुण्यात बारा ते एक जेमतेम 5 अंश, आणि पाच ते सहा तब्बल 40. लहान पोरांना हे झेपत नाही. म्हणून तिरकी तबकडी करा, तिच्यात प्रत्येक तासाला सरळ 15 अंश, कोनमापक येणारं कुणीही आखेल.

कार्टनच्या जाड पुठ्ठ्याची 10 सेंटिमीटर त्रिज्येची गोल तबकडी कापा, मध्यातून बांबूची काडी आरपार घाला, तबकडीला काटकोनात. एका बाजूला काडी 30 सेंटिमीटर ठेवायची, दुसऱ्या बाजूला 10 पुरे. आता लांब बाजूचं टोक आणि तबकडीची खालची कड दोन्ही जमिनीला टेकवा. झालं, काडी आपोआप साडेअठरा अंशात, म्हणजे पुण्याच्या अक्षांशाइतकी बसते! मुंबईला ही लांब बाजू 29 सेंटिमीटर, कोल्हापूरला 33, पणजीला 36. लांब टोक दक्षिणेला, आखूड टोक उत्तरेला वर, म्हणजे काडीचा रोख ध्रुवताऱ्याकडे. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र हेच करतं, फक्त तिथे काडीऐवजी 27 मीटर उंच चुन्या-दगडाची उतरती भिंत आहे, तिचा चढ जयपूरच्या अक्षांशाइतका म्हणजे 27 अंश, आणि तिची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. तिथे उभं राहिलं की सावली चालताना दिसते, अक्षरशः.

आकडे दोन्ही बाजूंना लिहायचे. बारा दोन्हीकडे खाली. उत्तरेच्या बाजूला सकाळचे सहा उजवीकडे आणि आकडे घड्याळासारखे, दक्षिणेच्या बाजूला सगळं उलट. हिवाळ्यात सावली दक्षिण बाजूवर पडते, उन्हाळ्यात उत्तर बाजूवर, आणि 21 मार्च, 23 सप्टेंबरच्या आसपास ऊन तबकडीच्या कडेवर येतं, तेव्हा कुठेच नीट दिसत नाही, बिघडलं समजून मोडू नका.

आता हातातल्या घड्याळाशी जुळवा. जुळणार नाही! आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे 74 च्या अलीकडे, दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपण 35 मिनिटं मागे, सूर्यघड्याळाच्या वेळेत तेवढी मिळवायची. मुंबई 39, आणि मुंबईने तर 1955 पर्यंत स्वतःची ही वेळ सोडली नव्हती, आजोबा-पणजोबांना विचारायला लावा. वर सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर या 35 मध्ये आणखी 14 मिळवायची, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 वजा करायची. 15 एप्रिलच्या सुमारास काहीच नाही. मी हे तबकडीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवलंय.

लेकीचा मामेभाऊ नागपूरचा, जाताना त्याला ते घड्याळ हवं होतं. तिने बांबूची काडी बाहेर ओढली, पट्टी लावली आणि लांब टोक 4 सेंटिमीटर कापून मगच दिलं. "तिथे 26," म्हणाली, "आणि मिनिटं पण 35 नाही, 14."