हिपॅटायटिस बी आणि एचएलए जनुकं: या विषयावर काम सुरू करताना

हिपॅटायटिस बीच्या (कावीळ बी) विषाणूची लागण झाल्यावर कुणी बरा होतो, तर कुणात संसर्ग जुनाट होतो. यात एचएलए जनुकांचा वाटा किती, हा इथला प्रश्न. या विषयात नव्याने येणारे विद्यार्थी बहुतेक वेळा जनुकांपासूनच वाचायला लागतात. आमचा सल्ला उलटा आहे. आधी कावीळ बीचे रक्ताचे रिपोर्ट नीट वाचायला शिका. या क्षेत्रातले फसलेले प्रकल्प बहुधा जुनाट रुग्ण आणि बरे झालेले असे गट पाडतानाच फसलेले असतात. जनुकतपासणी उत्तम झाली तरी ती चूक भरून निघत नाही.

हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. बाधित पेशींवर आपल्याच टी पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) तुटून पडतात आणि यकृताची हानी होते ती त्यामुळे. विषाणूला हुसकावून लावतो तोही हाच हल्ला. टी पेशींना विषाणू ‘दाखवण्याचं’ काम सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुकं करतात: ए, बी, सी ही वर्ग १ची जनुकं सीडी८ (बाधित पेशी मारणाऱ्या) टी पेशींना, तर डीआर, डीक्यू, डीपी ही वर्ग २ची सीडी४ (मदतनीस) टी पेशींना. एचएलए रेणूला एक खाच असते आणि तिच्यात विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा बसतो. खाचेची घडण अलीलनुसार (जनुकाच्या प्रकारानुसार) बदलते, म्हणून कोणता तुकडा नीट बसेल हेही माणसागणिक बदलतं.

१९९५ साली गांबियातल्या अभ्यासात डीआरबी१*१३:०२ हा डीआरचा अलील असलेल्यांत विषाणू शरीरातून जाण्याचं प्रमाण जास्त आढळलं. २००९ मध्ये जपानमधल्या संपूर्ण जीनोमच्या पाहणीत डीपी जनुकांचा भाग पुढे आला. तिथला आरएस९२७७५३५ हा डीएनएतला एका अक्षराचा बदल मुद्दाम अभ्यासा. तो डीपीबी१ या डीपी जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या टोकाच्या भागात आहे आणि त्याचा संबंध जनुक किती प्रमाणात व्यक्त होतं याच्याशी जोडला गेला आहे. म्हणजे खाचेच्या आकाराइतकाच रेणूंच्या संख्येचाही विचार करावा लागतो.

आता गटांकडे. एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन) सहा महिन्यांहून जास्त काळ पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग जुनाट. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, सोबत बहुधा अँटी-एचबीएसही (आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं), तर तो माणूस विषाणूला तोंड देऊन बरा झालेला. फक्त अँटी-एचबीएस असेल तर बहुधा लस घेतलेला. तिन्ही निगेटिव्ह असेल तर बहुधा विषाणूशी कधी गाठच पडलेली नाही. तुलना पहिल्या दोन गटांचीच करायची. रक्तदात्यांना सरसकट ‘निरोगी’ धरून जुनाट रुग्णांसमोर उभं केलं, तर लागण झालीच नाही आणि लागण होऊन बरं झालं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडतात. अँटी-एचबीसीचा आयजीएम (सुरुवातीला तयार होणारा प्रतिपिंडांचा प्रकार) पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग बहुधा ताजा आहे, निकाल अजून लागायचाय. त्याला कुठल्याच गटात घालू नका. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी सोबत असलेले रुग्ण बाजूला ठेवा. सिऱ्हॉसिस (यकृतात कायमचे व्रण) कुणाला होतो, हा तर पूर्ण वेगळा प्रश्न आहे.

सगळ्यात मोठा अडथळा लागणीच्या वयाचा. बाळाला जन्माच्या वेळी लागण झाली तर सुमारे ९० टक्के वेळा संसर्ग जुनाट होतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. या फरकापुढे कोणत्याही एका अलीलचा परिणाम किरकोळ ठरतो. आईचा एचबीएसएजी रिपोर्ट मिळाला तर नक्की नोंदवा.

जनुकतपासणीसाठी रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत घ्या. रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन, हेपॅरिन, पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीला) अडवतं. डीएनएचं २६०/२८० गुणोत्तर (शुद्धतेची खूण) १.८च्या आसपास हवं. टायपिंग (कोणते अलील आहेत हे ओळखणं) किमान दोन फील्डपर्यंत (नावातले अंकांचे दोन गट) करा, कारण नुसतं ‘डीआरबी१*१३’ लिहिलं की १३:०१ आणि १३:०२ एकाच नावाखाली जातात आणि खरा परिणाम पुसट होतो. ठरावीक अलीलचे वाहक सगळीकडे समयुग्मजीच (दोन्ही प्रती सारख्या असलेले) दिसू लागले, तर प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारा डीएनएचा तुकडा) दुसऱ्या अलीलवर बसत नसल्याची शंका घ्या.

गणित एकदा हाताने करून पाहा. समजा २०० जुनाट रुग्णांत ४० जण एखाद्या अलीलचे वाहक आहेत आणि बऱ्या झालेल्या २०० जणांत ७०. ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर, (४०×१३०)÷(१६०×७०), म्हणजे ०.४६. काय-स्क्वेअर चाचणीचं पी मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) साधारण ०.०००८ येतं. ३० अलील तपासले असतील तर योगायोगाची शक्यता वाढते, म्हणून मर्यादा ०.०५÷३०, म्हणजे ०.००१७, निकाल टिकतो. तेच प्रमाण ठेवून प्रत्येक गटात १०० जणच घेतले, तर पी ०.०१८ वर जातं आणि निकाल गळतो. नमुन्यांची संख्या आधी ठरवायची ती यासाठी. शिवाय डीआर आणि डीक्यू बहुधा जोडीनेच वारशात येतात, तेव्हा एकाचा परिणाम हिशेबात धरून दुसऱ्याचा पुन्हा तपासल्याशिवाय ‘हेच जनुक’ असं लिहू नका.

वेळ कमी असेल तर आम्ही लसीच्या प्रतिसादाचा प्रश्न सुचवू. इथे डोसची तारीख माहीत असते, त्यामुळे लागणीच्या वयाचा घोळ उरत नाही. डीआरबी१*०३ आणि *०७ यांचा संबंध कमी प्रतिसादाशी अनेक अभ्यासांत दिसला आहे. मात्र अँटी-एचबीएस शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांतच मोजा. १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलीलीटर ही रेषा त्याच काळासाठी अर्थपूर्ण आहे. वर्षांनंतर मोजलं तर पातळी आपसूक उतरलेली असते आणि चांगला प्रतिसाद दिलेली माणसंही प्रतिसाद न दिलेल्यांच्या रकान्यात जाऊन बसतात.