बत्तीस बोअर: काडतूस निवडताना

भारतात स्वसंरक्षणाच्या साध्या परवान्यावर ९ मिमी, .३८ किंवा .४५५ मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). म्हणजे उरतात मुख्यतः .३२ आणि .२२. त्यातलं .३२ घ्या. .२२ चा धक्का कमी, पण ते रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून पेटणारं काडतूस, न उडण्याची शक्यता जास्त.

खरा घोळ पुढे आहे. दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणू नका. ‘निर्भीक’सारख्या रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागतं: बुडाला ठळक कड, सुमारे ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी. ‘अशनी’ पिस्तुलाला .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी: आखूड काडतूस, ७१ ग्रेनची तांब्याच्या आवरणाची गोळी. एसीपी रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बसतंही, म्हणूनच फसायला होतं, वापरू नका. नळीवरचा शिक्का आणि काडतुसाचं बूड ताडून पाहा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मालावर ‘केएफ’ असतं.

एसीपी मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे ठेवा. मागे राहिली तर कडा अडकतात आणि पिस्तूल जाम होतं.

कोकणातल्या पावसाळ्यात काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नका, पितळेवर हिरवट गंज चढतो. तेलही लावू नका. ते प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीत, झिरपतं.