पर्लमध्ये एक घटना अनेकांना कळवताना

इव्हेंट लूपवर, म्हणजे घटनांची वाट पाहत फिरत राहणाऱ्या चक्रावर, चालणारा पर्ल भाषेतला प्रोग्राम पहिल्यांदा लिहायला घेतला, तेव्हा मागणी साधीच होती. सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) संदेश आला की लॉग लिहिणारा, पडद्यावर दाखवणारा आणि इशारा देणारा, अशा तिघांनाही तो कळला पाहिजे. एनीइव्हेंट या पर्ल मॉड्यूलमधला कॉन्डव्हार (एखादी गोष्ट घडल्याची खूण देणारा ऑब्जेक्ट) दिसला आणि वाटलं, काम झालं. पण कॉन्डव्हार एकदाच वाजतो आणि त्याला कॉलबॅकही (घटना घडली की चालवायचं फंक्शन) एकच लावता येतो. दुसरा लावला की पहिला निमूट बाजूला होतो, एरर नाही की वॉर्निंग नाही. लॉग रिकामा का, हे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला.

मग सरळ हॅश (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या) केला. की म्हणजे घटनेचं नाव, व्हॅल्यू म्हणजे कॉलबॅकचा अ‍ॅरे. घटना घडली की फॉरीच हा लूप लावून सगळ्यांना हाक मारायची. पाच-सात ओळींचं काम! मोजोलिशस या पर्लच्या वेब-फ्रेमवर्कमधला इव्हेंट-एमिटर आतून असाच आहे. त्याचा सोर्स जरूर वाचा, छोटा आहे.

हाक मारणं सोपं असतं. खरी गंमत सुरू होते ती कुणी यादीतून उठून गेलं की. माझा एक कॉलबॅक पहिला संदेश मिळताच स्वतःचं नाव काढून घ्यायचा, तेही त्याच अ‍ॅरेवर स्प्लाइस करून (मधला घटक काढून). फॉरीच फिरत असताना खालचा अ‍ॅरे आखडला, मागचे एक घर पुढे सरकले आणि लगेच पुढच्याची पाळी हुकली. तेव्हापासून मी आधी यादीची प्रत काढतो आणि प्रतीवर फिरतो. मोजोलिशसमध्ये नाव काढताना ग्रेपने गाळून नवाच अ‍ॅरे बनवतात, त्यामुळे चालू फेरीला धक्का लागत नाही.

प्रत्येक कॉलबॅक इव्हालमध्ये (एरर तिथेच पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये) गुंडाळा, नाहीतर एकाच्या डायपायी (एरर देऊन थांबण्यापायी) पुढचे सगळे उपाशी राहतात. आणि कॉलबॅकमध्ये स्लीप? अजिबात नको, तेवढा वेळ सगळा लूपच झोपतो.

आता मेमरी. पर्ल एखाद्या ऑब्जेक्टकडे जाणारे रेफरन्स मोजतो आणि एकही उरला नाही की जागा मोकळी करतो. कॉलबॅक यादीत आहे आणि त्या क्लोजरने (बाहेरची व्हेरिएबल्स धरून ठेवणाऱ्या फंक्शनने) ऑब्जेक्ट धरून ठेवलाय, तोवर तो ऑब्जेक्ट जात नाही. कनेक्शन केव्हाच तुटलेलं, तरी त्याला संदेश जातच राहतात. क्लोजरमधला सेल्फ (त्या ऑब्जेक्टचा रेफरन्स) स्केलर-युटिल मॉड्यूलमधल्या वीकनने कमकुवत करणं, म्हणजे मोजणीतून वगळणं, हा अर्धा इलाज. उरलेला अर्धा म्हणजे नोंदणी करताना गार्ड नावाचा एक छोटा ऑब्जेक्ट परत द्यायचा. ऐकणाऱ्याने तो स्वतःजवळ ठेवायचा. ऐकणारा गेला की गार्ड जातो आणि जाता जाता यादीतलं नावही काढतो. एनीइव्हेंटचे टायमर याच वळणाचे आहेत, व्हेरिएबलमध्ये धरले नाहीत तर लागतच नाहीत.

मला हे कळलं तेही ठेच लागूनच. इशारा देणारा कधी बोललाच नाही, कारण त्याचा गार्ड मी सबच्या (फंक्शनच्या) आत माय लावून, म्हणजे तेवढ्यापुरताच, ठेवला होता. सब संपली तशी नोंदणीही संपली.